वहिनी क्योतोत हरवल्या तो दिवस

भाऊजींनी निवांतपणाचीसुद्धा यादी करून आणली होती. क्योतो स्टेशनच्या मोठ्या जिन्यापाशी उभं राहून त्यांनी ती मला वाचून दाखवली. सात ठिकाणं होती.

"आज नो घाई," ते म्हणाले. "टूरवाले नुसते पळवतात. आज आपण निवांत फिरायचं. ही सात झाली की मोकळे."

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. पुण्यात बँकेत शाखाधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून जग बघतायत, म्हणजे आपण जग बघितलंय हे लोकांना दाखवतायत. डोक्यावर टोपी, पोटावर पट्ट्याची थैली, पायात पांढरेशुभ्र बूट आणि छातीवर टूर कंपनीचा गोल बिल्ला, जो त्यांनी मोकळ्या दिवशीही काढला नव्हता. त्यांच्या अर्धं पाऊल मागे वहिनी, माझी मोठी जाऊ. वहिनींच्या हातात भाऊजींची पाण्याची बाटली, भाऊजींची छत्री आणि भाऊजींचा मोबाइल होता.

मी तिथे कशी, ते सांगते. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागे जपानात आले. आधी डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाइम, जपानी लोक ज्याला बाइतो म्हणतात ते काम केलं, भाषा शिकले, आणि आता टोकियोतल्या एका आयटी कंपनीत जपानी ग्राहक आणि पुण्यातली टीम यांच्यामधला पूल म्हणून काम करते. दोन्हीकडची माणसं पुलावरून चालत जातात, तेवढाच त्यांचा माझ्याशी संबंध. त्या आठवड्यात कामासाठी क्योतोला आले होते. शुक्रवारी काम संपलं आणि शनिवार माझा होता. मी कुणाचीच नसण्याचा बेत केला होता. एक जुनं कॉफीचं दुकान, कालव्याकाठचा रस्ता, जुन्या पुस्तकांची गल्ली. एकही देऊळ नाही. पण नवऱ्याने फोनवर आपल्या भावाला सांगून टाकलं की, ती तिथेच आहे, फिरवेल तुम्हाला.

तेव्हा मी आले ती कपाळावर आठी घेऊनच आले. हे आधीच कबूल केलेलं बरं.

शिवाय मला प्रवासी आवडत नाहीत. टोकियोजवळच्या इचिकावात राहणारी आम्ही मराठी माणसं स्वतःला प्रवासी समजत नाही. कचरा नीट वेगळा करता आला, गाडीत फोनवर न बोलता बसता आलं, की आपण इथले झालो असं आम्हाला वाटतं. इथली माणसं आम्हाला अकरा वर्षांनीही "जपानी किती छान बोलता" म्हणतात, त्याचा अर्थ आम्ही समजून घेत नाही. आणि मग पुण्याहून कुणी आलं की आमच्या अंगात जपान संचारतो.

बसच्या रांगेपासून सुरुवात झाली. जमिनीवर रेघा आखलेल्या, माणसं दोन-दोनच्या ओळीत उभी. भाऊजी सरळ पुढे गेले.

"भाऊजी, रांग आहे."

"कुठाय? नुसती माणसं उभी आहेत." मग मागे येता येता मोठ्याने म्हणाले, "यांना बसणं सोडून उभं राहायचीच हौस फार."

रांगेत पुढे चार गोऱ्या मुली भाड्याचे किमोनो घालून उभ्या होत्या. पायांत खेळाचे बूट. एकमेकींचे फोटो काढताना त्या माना खाली घालून लाजल्यासारखं करत होत्या, आणि फोटो झाला की पुन्हा च्युइंगम चघळत होत्या. मला त्यांचीही किळस आली. त्या दिवशी क्योतोत मला बरं वाटेल असं काही नव्हतंच.

वहिनींना मी बसचं कार्ड दिलं होतं. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे चालकाजवळच्या यंत्राला कार्ड लावायचं, हे एकदाच सांगितलं. त्यांनी मान हलवली. भाऊजींना तीनदा सांगितलं तरी ते पुढच्या दारानेच चढायला गेले.

पहिलं ठिकाण वाळूचं अंगण आणि त्यात मांडलेले दगड. शहरातलं नावाजलेलं. लाकडी ओसरीवर वीस-पंचवीस माणसं गप्प बसलेली. ऊन वाळूवरच्या रेघांवरून सरकत होतं आणि भिंतीपलीकडे कुणीतरी झाडू मारत होतं, तेवढाच आवाज.

"एवढंच?" भाऊजी म्हणाले. "आमच्या सोसायटीमागे याहून जास्त दगड पडलेत."

मी ओठांवर बोट ठेवलं. ते माझ्याकडे बघून हसले, समजूतदार माणसाने लहान मुलाकडे बघून हसावं तसे. मग मांडी घातली, डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"घे," ते डोळे न उघडता म्हणाले.

वहिनींनी फोटो घेतला. त्यांनी एक डोळा उघडून पाहिला. "दगड नाही आले. मागे हो." वहिनी मागे झाल्या. "आता मी लहान दिसतोय. व्हिडिओ घे. सुरुवातीला दगड, मग हळूच माझ्यावर ये." तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी ओंकारही केला. शेजारी बसलेले एक जपानी आजोबा उठले, आमच्याकडे बघून किंचित वाकले आणि निघून गेले. इथली माणसं थुंकत नाहीत, वाकतात. भाऊजींना वाटलं, आजोबांनी नमस्कार केला. त्यांनी हात जोडून परत नमस्कार केला. मी त्या आजोबांच्या पाठीला उद्देशून दोनदा "सुमिमासेन" म्हटलं, माफ करा. ते वळले नाहीत.

"बघितलंस?" भाऊजी वहिनींना म्हणाले. "बौद्ध धर्म आपणच दिला यांना. अजून जाण आहे."

वहिनींनी मला विचारलं, "त्या रेघा कशाने काढतात गं?"

"दाताळ्याने," मी म्हटलं, आणि पुढे निघाले. मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

दुसरं ठिकाण उरकून जेवायला मी त्यांना माझ्या कॉफीच्या दुकानात नेलं. ही चूक माझी. पाच टेबलं, एक म्हातारा मालक, कॉफी करायची काचेची उभी नळकांडी आणि खाली निळी ज्योत. मी दरवेळी क्योतोला आले की तिथे बसते. भाऊजींनी मेनू उलटा-सुलटा केला, कशात काय काय असू शकतं याच्या मला शंभर शंका विचारल्या, आणि शेवटी थैलीतून फॉइलची पुडी काढून टेबलावर मांडली. टूरच्या स्वयंपाक्याने दिलेले थेपले आणि लोणच्याची पाकिटं. दुकानभर मेथीचा आणि मोहरीच्या तेलाचा वास पसरला.

"भाऊजी, इथे बाहेरचं चालत नाही."

"अगं, कॉफी घेतोय ना आपण त्याची."

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो येऊन बोलेल. तो आला आणि तीन रिकाम्या बश्या ठेवून गेला. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून बसले. माझी एक ठेवणीतली जागा होती या शहरात, तीही या माणसाने लोणच्यात बुडवली, असं मनात म्हणत होते. आणि माझ्याच टेबलावर बसून तो माणूस दुकानदाराला अंगठा वर करून दाखवत होता.

"ते काचेचं काय आहे गं?" वहिनींनी विचारलं. त्या थेपला हातात धरून निळ्या ज्योतीकडे बघत होत्या.

"कॉफी करतात त्यात."

"पाणी आपोआप वर कसं चढतं?"

"चढतं," मी म्हटलं.

तिथून आम्ही पूर्वेकडे जाणारी बस धरली. यादीत तिसरं ठिकाण. बस गच्च भरलेली. मला आणि भाऊजींना मागे जागा मिळाली, म्हणजे दांडी मिळाली. वहिनी माणसांच्या लोंढ्यात पुढे ढकलल्या गेल्या. भाऊजींनी मोबाइल त्यांच्याकडून घेतला होता आणि सकाळचे फोटो बघत होते. त्यांच्या फोनमध्ये इथलं इंटरनेट होतं. वहिनींच्या फोनमध्ये नव्हतं. "तिला कशाला? माझ्याबरोबरच असते ती," हे ते सकाळीच म्हणाले होते.

"हा बघ," त्यांनी मला ओंकाराचा व्हिडिओ दाखवला. "हा सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. एक पूल गेला. मग विद्यापीठाचा भाग आला, सायकलींचे ढीग, पाठीला पिशव्या लावलेली मुलं. तिथे निम्मी बस रिकामी झाली. समोरचा भाग मोकळा दिसला आणि त्यात वहिनी नव्हत्या.

"भाऊजी, वहिनी कुठायत?"

"असेल पुढे."

"पुढे नाहीत."

त्यांनी मान वर केली, पुढे बघितलं, मग मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "अशी कशी नाही?"

आम्ही उतरलो. मी चालकाला विचारलं. तो हळू आवाजात माइकमध्येच बोलला, की एक परदेशी बाई आधी कुठेतरी उतरल्या बहुतेक, नक्की सांगता येत नाही, फार माफी मागतो. बस निघून गेली. भाऊजी फुटपाथवर उभं राहून वहिनींचा फोन लावत होते आणि तो लागत नव्हता.

"बावळट आहे," ते म्हणाले. "चुकीच्या स्टॉपवर उतरली असणार. लोकांनी ढकललं असेल." मग आवाज चढवून, "तू लक्ष ठेवायला नको का? तुझा देश आहे ना हा?"

कोपऱ्यावर कोबान होतं, छोटी पोलीस चौकी. आत एक तरुण पोलीस. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, फॉर्म घेतला आणि विचारायला सुरुवात केली. मी भाषांतर करत होते. वय किती? भाऊजींनी सांगितलं, मग दुरुस्त केलं. उंची? त्यांनी हात हवेत स्वतःच्या खांद्याशी धरला, मग थोडा खाली घेतला. चष्मा आहे का?

"आहे. म्हणजे वाचायचा आहे. लावते कधी कधी."

"आज कुठले कपडे घातलेत?"

"पंजाबी ड्रेस," भाऊजी म्हणाले.

"रंग?"

ते थांबले. "निळा," म्हणाले. "की... काल निळा होता. आज हिरवट काहीतरी." मग माझ्याकडे वळून, "तू सांग ना. तुम्हा बायकांचं लक्ष असतं."

पोलीस माझ्याकडे बघत होता, पेन टेकवून. आणि मला सांगता येईना. भाऊजींच्या बुटांची नाडी कुठल्या रंगाची, त्यांच्या टोपीवर काय लिहिलंय, त्यांच्या बिल्ल्याचा कुठला कोपरा दुमडलाय, हे सगळं मला पाठ होतं. सकाळपासून मी दुसरं काहीच बघितलं नव्हतं. वहिनींनी काय घातलंय हे मला आठवेना. वर एखादं जाकीट होतं का, केस बांधलेले होते का, काहीच नाही.

"फोटो असला तरी चालेल," पोलीस म्हणाला.

भाऊजी एकदम उत्साहात आले. फोटो भरपूर आहेत. त्यांनी गॅलरी उघडून पोलिसापुढे धरली आणि बोटाने सरकवू लागले. भाऊजी बुलेट ट्रेनसमोर. भाऊजी फुजीसमोर. भाऊजी हरणाला बिस्कीट देताना. भाऊजी ध्यानात. पोलीस नम्रपणे प्रत्येक फोटोला "हाय", म्हणजे हो, म्हणत होता. सरकवता सरकवता भाऊजींचा वेग वाढला, मग कमी झाला. एका फोटोत काचेच्या दारात फोटो काढणारीचं प्रतिबिंब होतं. चेहऱ्याच्या जागी मोबाइल.

"ही," ते म्हणाले.

पोलिसाने तो फोटो मोठा करून बघितला आणि फॉर्मवर काही लिहिलं नाही. मला त्या क्षणी भाऊजींबद्दल जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण माझ्याही फोनमध्ये वहिनींचा फोटो नव्हता. सकाळी मी एकच काढला होता, तोही भाऊजींचा, टिंगल म्हणून मैत्रिणीला पाठवायला.

पोलीस म्हणाला की यजमानांनी इथेच थांबावं, बाई परत आल्या तर चुकामूक नको. मी बसच्या मार्गाने उलट चालत बघून येते म्हटलं. भाऊजी खुर्चीत बसून राहिले. मी निघताना ते फोनवर पुण्याला मुलाशी बोलत होते. "काकूने लक्ष नाही दिलं," एवढं मला ऐकू आलं.

मी रागारागाने चालत होते. प्रत्येक स्टॉपवर थांबून आजूबाजूला बघत होते. मे महिना होता, ऊन चांगलंच होतं. पूल आला. तिथे दोन नद्या मिळतात आणि संगमापाशी पात्रात मोठाले दगड मांडलेत, काही चौकोनी, काही कासवाच्या आकाराचे, म्हणजे त्यांवरून पाय टाकत पलीकडे जाता येतं. शाळकरी मुलं उड्या मारत होती. आणि मधल्या एका कासवावर एक बाई बसली होती, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून. शेजारी बूट, बुटांत नीट घडी घातलेले मोजे.

ड्रेस पिवळा होता. हळदीसारखा पिवळा, लांबून दिसावा असा. सकाळपासून तोच होता.

मी काठावरून हाक मारली, "वहिनी! अहो वहिनी!" त्यांनी वळून पाहिलं आणि हात वर करून मला बोलावलं. घाबरलेलं माणूस असं बोलावत नाही. मी ऑफिसचे बूट घालून त्या दगडांवरून गेले. दोन दगडांमधलं अंतर वाटतं त्यापेक्षा जास्त आहे, एक पाय पाण्यात गेला.

"हरवलात का हो? आम्ही पोलिसात गेलो!"

"हरवले नाही," वहिनी म्हणाल्या. "उतरले."

मला आधी कळलंच नाही.

"खिडकीतून हे दिसलं. दार उघडलं होतं. कार्ड लावलं आणि उतरले. तू दाखवलं होतंस तसं." त्यांच्या मांडीवर कागदाचा छोटा डबा होता. "तिकडे कोपऱ्यावर एक दुकान आहे, मोठी रांग होती. मी पण उभी राहिले. काय विकतात माहीत नव्हतं. अर्धा तास कुणी काही बोललं नाही माझ्याशी. फार बरं वाटलं." डब्यात तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे होते, आत गोड सारण आणि वरून काळसर दाणे. "माझ्याकडचे पैसे होते. पुण्यात बदलून घेतले होते, यांना न सांगता."

"वहिनी, ते तिकडे काळजीत आहेत."

"असू दे थोडा वेळ."

"पण एवढं काय झालं? काही बोलले का ते तुम्हाला?"

"काही नाही झालं." त्यांनी पाय पाण्यात हलवले. "सकाळी तो दगडांचा बगीचा बघितलास ना? मी नाही बघितला. मोबाइलमधून यांना बघत होते. हे मध्ये येतात की नाही, दगड कापले जातात की नाही. आठ दिवस तेच. आता पुण्यात गेल्यावर लोक विचारतील, जपान कसं होतं. मला माहीत नाही कसं होतं."

मला बरं वाटलं. खरंच सांगते, मला आनंद झाला. मला वाटलं, ही माझ्या बाजूची. मी भाऊजींबद्दल सकाळपासून मनात साठवलेलं सगळं बोलायला लागले. रांग, ओंकार, आजोबा, लोणचं. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि तू?"

"मी काय?"

"तू सकाळपासून तोंड वाकडं करून चालतेस. यांना ते कळत नाही, यांच्यापर्यंत पोचतच नाही काही. मला कळतं. तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होता, न बोलता. तू त्यांना हसत होतीस आणि ते तुला शिकवत होते. मी तुला तीनदा काहीतरी विचारलं. तू उत्तर दिलंस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस." त्या चिडलेल्या नव्हत्या. "त्या कॉफीवाल्याने बश्या आणून दिल्या तेव्हा मला पोटभर हसायचं होतं. पण तुझा चेहरा बघून धीर झाला नाही."

पायातला बूट चिकचिक करत होता.

"तू लग्न होऊन आलीस तेव्हा आपण किती हसायचो," त्या म्हणाल्या. "आता तू शिष्ट झालीस गं."

एवढं बोलून त्यांनी डबा माझ्यापुढे धरला.

मी चौकीत फोन लावला. जपानीत पोलिसाला सांगितलं की बाई सापडल्या आहेत, सुखरूप आहेत. तो म्हणाला, फार चांगलं झालं. मग मी जे केलं ते अकरा वर्षांत इथे कधी केलं नव्हतं. त्याला म्हटलं, बाई दमल्या आहेत, आम्हाला यायला एक तास लागेल, त्यांच्या यजमानांना जपानी येत नाही, तुम्ही त्यांना फक्त थांबायला सांगा. तो "समजलं," म्हणाला. त्याला किती समजलं ते मला माहीत नाही.

मग आम्ही बसलो. मी बूट काढले, मोजे काढले. पाणी गार होतं. काठावर घारींपासून सावध राहा अशी पाटी होती. मी ती वहिनींना वाचून दाखवली, इथल्या घारी हातातलं खाणं पळवतात, म्हणून खाताना असं अंगाशी धरायचं, वर धरायचं नाही. हे मी हातातला गोळा वर धरून दाखवत होते. मागून काहीतरी फडफडलं, डोक्याला वारा लागला आणि हात रिकामा झाला. घार पुलाच्या दिशेने गेलीसुद्धा.

वहिनी हसायला लागल्या. त्यांना थांबता येईना. एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने डबा घट्ट झाकून धरला होता. शाळेतली पोरं थांबून बघायला लागली. "शिकव," त्या म्हणाल्या, "अजून शिकव मला."

मीही हसले, पण उशिरा.

त्या तासात त्यांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले आणि मी त्यांच्याकडे बघून उत्तरं दिली. काचेच्या नळकांड्यात पाणी वर कसं चढतं, तेही सांगितलं. वाफेने चढतं, ज्योत काढली की कॉफी होऊन खाली येतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माहेरी मी शिकवायचे त्या शाळेच्या प्रयोगशाळेत होतं तसंच." तेव्हा मला कळलं की लग्नाआधी त्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. वीस वर्षं माझी जाऊ आहे ही बाई.

चौकीत पोचलो तेव्हा भाऊजी खुर्चीत बसून फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने त्या पोलिसाला काहीतरी समजावत होते. फोन जपानीत बोलत होता आणि पोलीस "हाय, हाय" म्हणत होता. वहिनींना बघून ते उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. "कुठे कडमडली होतीस?" त्यांचा आवाज फाटला. मी पाहिलं, त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी वहिनींच्या पिशवीचा बंद पकडला आणि पोलिसाने निरोप दिल्यावर बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

मला क्षणभर वाटलं, हा माणूस खरंच घाबरला होता. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू इतकी वर्षं इथे राहून तुला एक बस कळत नाही?" आणि माझं मन पुन्हा होतं तिथे आलं.

"माझंच चुकलं," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं आपला स्टॉप आला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मोजा नीट करत होत्या.

यादीतली पाच ठिकाणं राहिली, याचं दुःख भाऊजी स्टेशनपर्यंत सांगत होते. टूरच्या माणसांत त्यांना सोडलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना हकीकत ऐकवली. त्यात त्यांनी स्वतः पोलीस यंत्रणा हलवली होती आणि जपानी पोलिसांची शिस्त त्यांच्यामुळे सगळ्यांना कळली. माझ्या नवऱ्याचा फोन मी टोकियोच्या गाडीत बसल्यावर आला. "अगं, तू वहिनीला हरवलंस म्हणे?"

मी त्याला खरं सांगितलं. सगळं, नदी, डबा, मी पोलिसाशी खोटं बोलले तेही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी असं करणार नाही. तुला काहीतरी गैरसमज झाला असेल." त्याने हे इतक्या शांतपणे म्हटलं की मी भांडले नाही. गाडीत तसंही फोनवर बोलायचं नसतं.

त्या दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो. घर भरलेलं होतं, फराळाची ताटं फिरत होती. कुणीतरी क्योतोचा विषय काढला आणि भाऊजींनी ती गोष्ट उभी राहून सांगितली. आता त्यात चौकीत तीन पोलीस होते. बायका वहिनींकडे वळल्या. "मी आपली वेंधळी," वहिनी म्हणाल्या, "नकाशा कुठे कळतो मला. उतरले भलत्याच ठिकाणी." सगळे हसले. एक आत्या म्हणाल्या, "जाऊ बरोबर असून?" आणि मग सगळे माझ्याकडे बघून हसले. माझा नवराही हसला.

मी चकलीचा तुकडा मोडत बसले होते. त्या खोलीतल्या एकेकाकडे पाहून मला जे वाटलं, त्याला सभ्य शब्द नाही. वहिनी ताट घेऊन माझ्यापाशी आल्या, करंज्या वाढल्या. "अजून एक घे," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे गेल्या. त्यांनी मला डोळा मारला नाही, हळूच हसल्याही नाहीत. मी वाट बघत होते.